मीटरमागचे चार दिवे

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घशाच्या ऑपरेशननंतर तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तरी आवाज लागत नाही.

आपल्या जुन्या गाडीच्या मीटरचे दिवे गेलेत. वेग, पेट्रोल, पाणी, तेल, चारही घड्याळं काळीठिक्कर. माझा शिवणाचा वर्ग संध्याकाळी सुटतो, कारण बाया कारखान्यातून सुटल्यावर येतात. परतताना अंधार पडलेला असतो आणि मी किती वेगात आहे हे मला अंदाजानं ठरवावं लागतं. गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं की सगळं वायरिंग बदलावं लागेल आणि या वयात मी गाडी चालवूच नये. कुणाच्या वयात, गाडीच्या की माझ्या, हे त्यानं सांगितलं नाही.

तुझा भाचा सुट्टीत येऊन गेला. त्यानं जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस शोधलाय. तो महिनाअखेरीस न्यायला येणार आणि गाडी काचेच्या दालनात ठेवणार. मी लेकाला सांगितलं, की काचेत बसायला मी तयार नाही आणि गाडीही नाही. तो हसला. मी हसले नाही.

तू चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्यास. काय करू ते लिही, हात माझे वापरते.

तुझ्यावर जीव आहे, रागही आहे, दोन्ही राहू देत.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मला यात ओढू नकोस. भाच्याचं चुकलेलं नाही. तू अडुसष्ट वर्षांची आहेस, वर्ग दुसरं कुणी घेईल. मी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. घरातून बाहेर पडत नाही, पडावंसं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात बोलायचा सराव करा, पण जो चिरका आवाज निघतो तो ऐकून लोक वळून बघतात. त्यापेक्षा वही बरी. गाडी विकून टाक आणि सुखी हो.

तब्येतीला जप.
तुझा धाकटा

ता. क. चार दिवे एकाच दिवशी गेले का? तसं असेल तर बल्ब गेलेले नाहीत. चार बल्ब ठरवून एकदम मरत नाहीत. बिघाड चौघांच्या सामाईक रस्त्यावर आहे. मागचे लाल दिवे लागतात का, तेवढं बघ, फ्यूज त्यांचा आणि यांचा एकच असतो. हे नुसतं विचारतोय.

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नुसतं विचारणाऱ्या माणसाला कळवते की चारही दिवे एकाच संध्याकाळी गेले आणि मागचे लाल दिवे छान लागतात. फ्यूजही काढून बघितला, तार शाबूत आहे. आता पुढचं सांग.

तुझ्या पत्राचा वरचा भाग मी वाचला नाही असं समज. वर्ग दुसरं कुणी घेईल म्हणे. त्यातल्या तिघींनी स्वतःची मशिनं घेतली, एकीनं नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध. त्यांना मी काय सांगू, की मला काटे दिसेनात म्हणून मी घरी बसले? मग त्याही बसतील.

विकणार नाही. हे लेकालाही लिहिलंय, ठळक अक्षरात, खाली दोन रेघा ओढून.

उत्तराची वाट बघते, उपदेशाची नाही.
तुझी ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

तू लहानपणीही अशीच होतीस. ठीक आहे, ऐक.

दिवे मंद-तेज करायची जी खुंटी आहे तिच्यामागे तारेचं एक वेटोळं असतं. वीज त्यातून जाऊन मग चार दिव्यांना पोचते. माझा संशय त्याच्यावर आहे. आधी बॅटरीची एक वायर सोड, मगच आत हात घाल. खुंटी सोडवून बाहेर काढ, तिच्या वायरी तशाच जोडलेल्या राहू देत. ती पत्र्याला टेकणार नाही अशी धर, बॅटरी पुन्हा जोड आणि दिव्यांचं बटण दाब. एका छोट्या बल्बला दोन वायरी लाव. एक टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला, दुसरं खुंटीत वीज येते तिथे. बल्ब लागला तर वीज येतेय. मग जिथून ती बाहेर पडते तिथे लाव. तिथे नाही लागला, तर चोर सापडला.

वेटोळ्यावर गंज असेल. बॅटरी पुन्हा सोडून बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घास, जरीच्या कापडाला इस्त्री करतेस तितक्या हलक्या. तार तुटली तर सगळंच बदलावं लागेल.

मानेखाली उशी घे. आणि घाई करू नकोस.
तुझा धाकटा

ता. क. पेटी माळ्यावरून काढली. फक्त वेटोळं कसं असतं ते आठवायला.

ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझा चोर सापडला. येताना वीज होती, जाताना नव्हती. वेटोळं हिरवं पडलं होतं. दोन दुपारी मी डॅशबोर्डखाली उताणी पडून होते, पाय दाराबाहेर. शेजारणीला वाटलं मी कोसळले, ती डॉक्टरला बोलवायला धावणार होती. तिला सांगितलं की डॉक्टर नको, टॉर्च धर.

घासून जोडलं तर तीन दिवे लागले. वेगाचाच राहिला. चिडून रडले थोडी, खोटं कशाला सांगू. मग तुझ्या डोक्यानं विचार केला. रस्ता सामाईक तो चालू झाला, म्हणजे आता दोष त्या एकट्याचा. त्याचा बल्ब काढून दुसऱ्याच्या जागी लावला, तिथे लागला. म्हणजे बल्ब बरा, त्याची बैठक गंजलेली. ती पत्र्याला टेकते तिथे घासली आणि काटा उजळला. मी गाडीतच बसून राहिले बराच वेळ, कुठेही न जाता.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या बायकोनं लिहिलंय की तू पाच महिने उंबरा ओलांडलेला नाहीस. मी रविवारी तुला न्यायला येते आहे. येऊ का म्हणून विचारत नाही.

तिला सांग, दोन कपडे भरून ठेव.
तुझी ताई

ता. २ मार्च

चि. भाच्यास,
मामाचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईच्या घरून लिहितो आहे. ती रविवारी आली. मी नाही म्हणून वहीत लिहिलं, तिनं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि वाचता येत नाही म्हणाली. निघालो.

परतताना चढावर दिवस मावळला. मी डोळे मिटून बसलो होतो. तिनं माझा हात दाबून पाण्याच्या तापमानाचा काटा दाखवला. तो चढत होता, आणि उजेडात होता म्हणून दिसला. तिनं लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. पाण्याचा पाइप फाटला होता. आणखी दोन मैल तसेच गेलो असतो तर इंजिन जळून गेलं असतं.

ताई गाडीपाशी थांबली, मी पाणी आणायला गेलो. जवळच झाडांची रोपं विकणाऱ्याची झोपडी होती. दारात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, वही गाडीतच राहिली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. परत फिरायचं म्हणून वळलोही. मग बोललो. सांगितलं की गाडी तापलीय, दोन बादल्या पाणी हवंय. पाच महिन्यांनी. आवाज तसाच होता, पत्रा ओढल्यासारखा. त्यानं पहिल्या फटक्यात ऐकलं, झारी बाजूला ठेवली आणि विचारलं की दोन पुरतील का. बस, एवढंच. पाइपला पट्टी गुंडाळून, इंजिन निवेपर्यंत थांबून, पाणी भरलं आणि घरी आलो. उरलेला रस्ताभर मी तुझ्या आईशी भांडत होतो, तोंडानं.

गाडी विकायची नाही. तुझा तो गृहस्थ परवा येऊन गेला. त्याला मी फाटकापाशीच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. तुला काळजी वाटते ते समजतं. आमचं वय आम्हाला पाठ आहे, ते कुणी सारखं म्हणून दाखवायला नको.

पाइप नवा बसवलाय. वर्गाला सुट्टी लागली की आम्ही दोघं आठवड्याभरासाठी निघतोय. कुठे ते ठरलं की कळवू. माहिती म्हणून, परवानगीसाठी नाही.

सुनेला आशीर्वाद, तुझ्यावर माया आहेच.
तुझा मामा