सून नर्सबाई व्हायला निघाली त्याची हकीकत

मुक्काम केनवड, ज्येष्ठ वद्य पंचमी

आमचे व्याही दौलतराव पाटील, मुक्काम मेडशी, यांस केनवडहून नानाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे आम्ही सगळे देवदयेने बरे आहोत, तुमच्याकडेही तसंच असावं. तुमचा गुडघा कसा आहे? बिब्ब्याचं तेल लावता की वैद्याच्या नादी लागता? इहीणबाईंचा दमा पाऊस लागायच्या आत आटोक्यात आणा. म्हैस व्याली असेल तर काय झालं ते कळवा, आणि नसेल व्याली तर तेही कळवा, कारण आमची घरधनीण तुळसाबाई रोज विचारते आणि मला रोज नवीन उत्तर सुचत नाही.

तुमचं पत्र पोचलं. "आजपासून मनकर्णा आम्हाला मेली" असं तुम्ही त्यात लिहिलं आहे. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि तुळसाबाईला एकदाही वाचून दाखवलं नाही. (तिनं विचारलं, इवायानं काय लिहिलं? मी सांगितलं, तूर बरी आहे म्हणतात. तेव्हा पुढं कधी भेट झाली तर तुमची तूर बरी होती हे ध्यानात असू द्या.) पातूरच्या त्या बिजवराशी तुम्ही मनकर्णाचा पाट ठरवत आणला होता, त्याची ओलिताची जमीन आहे, स्वभाव गरीब आहे, हे सगळं मी तिला तुमच्या वतीनं, तुमच्यापेक्षा गोड करून सांगितलं. पोर खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, मले नाई करायचं." मग मी जोर केला नाही. आमचा इंद्रभान गेल्यापासून या घरात मी कशालाच जोर करत नाही. मला तुमच्याकडून काही नको, वाद तर मुळीच नको. फक्त बाजारात चार तोंडांनी ऐकण्यापेक्षा खरी हकीकत माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी हा कागद.

नर्सबाई व्हायची ही अवदसा सुनेला नानाजीनं सुचवली, असं तुमच्याकडे बोलतात म्हणे. दौलतराव, या घरात माझं कोणी ऐकत असतं तर अजून काय पाहिजे होतं! सुचवलं तुळसाबाईनं. आमच्या शेजारची धुरपताबाई अंगावरून वारं गेल्यापासून खाटेला खिळलेली आहे. मनकर्णा रोज जाऊन तिला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, अंथरूण बदलायची, तेही तिला खाटेवरून न उठवता. हे तुळसाबाईनं पाहिलं. तेवढ्यात शाळेच्या मास्तरांनी सांगितलं, की नागपूरच्या एका दवाखान्यात मुलींना नर्सबाईचं शिक्षण देतात, विधवाही घेतात, सातवी पास पाहिजे. (सातवीपर्यंत तिला तुम्हीच शिकवलं. तेव्हा दोषाचा थोडा वाटा मेडशीकडेही येतो.) मी म्हणालो, लोक काय म्हणतील, कोणाकोणाची घाण काढावी लागेल. तुळसाबाई म्हणाली, "इंद्रभानची कोनं काढली? तवा लोक आले होते काय?" मग अर्ज करायचं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं आणि मी शाईची दौत आणली.

अर्जासोबत चालचलणुकीचा दाखला पाहिजे होता. आमच्या गावच्या उकंडराव पाटलांनी जन्मात बैलांच्या विक्रीच्या पावत्याच लिहिल्या, माणसाचा दाखला हा पहिलाच. त्यांनी मोठ्या मायेनं लिहिलं: "वर्ण सावळा, अंगावर खूण नाही, खोड कसलीही नाही, खाण्याला बेताची, कामाला चलाख, मारकी नाही." मी म्हणालो, पाटील, हे काय लिहिलं? ते म्हणाले, "यातलं खोटं काय हाय ते सांगा." खोटं काहीच नव्हतं. तोच दाखला मालेगावला टपालात टाकला, आणि नागपूरहून बोलावणं आलं की मुलीला घेऊन समक्ष या.

आम्ही तिघं निघालो. तुळसाबाईनं यायचं कारण नव्हतं, पण तसं तिला सांगायला गावात कोणी धजलं नाही. मालेगावपर्यंत बैलगाडी, पुढं अकोल्यापर्यंत मोटार, तिथून नागपूरची आगगाडी. या लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावली आहे हे तुम्ही पाहतच असाल. ती मोटार वाफाळत, खोकत चालते, इहीणबाईंनी राग मानू नये, पण अगदी दमेकऱ्यासारखी. पातूरच्या घाटात तिनं जीव टाकला आणि ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरून ढकलायला सांगितलं. सगळे उतरले. तुळसाबाई उतरली नाही. तिचं म्हणणं, बसायचं टिकीट काढलं आहे, ढकलायचं नाही. मी आणि मनकर्णानं मागून मोटार ढकलली, आत एकटी तुळसाबाई, गव्हर्नरची बायको असावी तशी. अकोल्याला उतरलो तेव्हा धुरानं आम्ही दोघं इतके काळे झालो होतो, की तुळसाबाई आम्हाला ओलांडून पुढं निघून गेली. (ओळखलं नाही म्हणते. मला संशय आहे.)

नागपूरचा दवाखाना म्हणजे आपल्या केनवडच्या बाजारापेक्षा मोठा, आणि सगळीकडे फिनेलचा वास. तो वास नाकात गेला आणि तुळसाबाई दारातच थांबली. इंद्रभानला ठेवलं होतं त्या अकोल्याच्या दवाखान्यात हाच वास होता. तिचा हात मनकर्णानं धरला, माझा कोणी धरला नाही, म्हणून मी रांग दिसली तिच्यात जाऊन उभा राहिलो. वाटलं, मुलींच्या पालकांची रांग असेल. पुढं सरकत सरकत एका टेबलापाशी गेलो, तर तिथल्या माणसानं काही न विचारता माझा दंड धरला आणि सुई टोचली. ती पटकीच्या लसीची रांग होती, दौलतराव! मी म्हणालो, अहो, मी सुनेला भरती करायला आलो आहे. तो म्हणाला, मग तुम्हाला आता पटकी होणार नाही, पुढं चला. दुपारपर्यंत ताप भरला. नर्सबाई व्हायच्या आधीच सुनेला पहिला रोगी मिळाला.

आता मुलाखतीचं सांगतो. इथून पुढं हसण्यासारखं फार नाही.

मोठी नर्सबाई गोरी होती, तिला मेट्रन म्हणतात. बाजूला आपल्याकडची एक वयस्क नर्स मराठीत सांगायला उभी. उकंडरावांचा दाखला तिनं मेमसाहेबाला इंग्रजीत वाचून दाखवला तेव्हा मेमसाहेबानं तोंडावर रुमाल धरला, आणि मनकर्णाकडे बघून मान डोलावली. मग प्रश्न सुरू झाले. पहिल्या काहींची उत्तरं तुळसाबाईनंच दिली. रक्त बघून घाबरतेस का? "नाई घाबरत." उन्हाळ्यात काम होईल का? "जवारी काढते उनात." शेवटी त्या नर्सनं हात जोडून विचारलं, "बाई, भरती कोणाला व्हायचं आहे?" तेव्हा तुळसाबाई बसली.

मेमसाहेबानं विचारलं, तुला हे काम कशासाठी शिकायचं आहे? मनकर्णानं पदर सावरला. मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत ते जमायचं नाही.

"माह्या मालकाले मुदतीचा ताप होता. त्याइले लय तहान लागे. मी निजल्या निजल्याच पानी पाजत होती. एक दिवस जोराचा ठसका लागला, तो थांबेच ना. मंग छाती भरली. अकोल्याले नेलं तवा तिथल्या नर्सबाईनं मले दाखवलं, की मानेखाली हात घालून डोकं उचलाव, चमच्यानं पाजाव, गिळलं का पाहाव. ते शिकली अन् दुसऱ्या दिवशी ते गेले. मले आधी कोनी सांगितलंच नव्हतं."

मराठी नर्सनं ते इंग्रजीत सांगितलं. मेमसाहेबानं टाक खाली ठेवला. ती हळूच काही बोलली आणि नर्सनं आम्हाला सांगितलं, "बाई म्हणतात, पाणी पाजायचं ते आम्ही इथं पहिल्याच आठवड्यात शिकवतो."

तिनं धीर द्यायला सांगितलं होतं. पण मनकर्णा म्हणाली, "पयल्याच आठवड्यात? इतकं सोपं हाय?" आणि मग ती जी रडायला लागली, दौलतराव, ती इंद्रभान गेला त्या दिवशीही तशी रडली नव्हती. त्या दिवशी ती नुसती बसली होती. तुम्ही आला होतात, तुम्हीच पाहिलं.

ठसक्याची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. एवढे दिवस एका घरात, एका चुलीचं खाल्लं, पण पोरीनं ती एकटीनं पोटात ठेवली. तिला घेतलं, आषाढात हजर व्हायचं, तीन वर्षं तिथंच राहायचं, हे सगळं नर्स सांगत होती आणि मी हो हो म्हणत होतो, पण कानात काही शिरत नव्हतं. मी तुळसाबाईकडे बघत होतो. मला भीती होती, आता हिच्या तोंडून काय निघतं. तिची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे.

तुळसाबाई स्टेशनापर्यंत आमच्या पुढं पुढं चालत राहिली. गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो, दुपारचं ऊन होतं, मला तापाची हुडहुडी भरलेली. तुळसाबाई फलाटाकडे बघत एकदम म्हणाली, "त्याले लहानपनापासूनच ठसका लागे. म्या पाजलं तरी लागे. तुह्यानं नाई झालं ते."

मनकर्णानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुळसाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

(हे खोटं आहे. इंद्रभान लहानपणी धावत यायचा आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचा. त्याला एकदाही ठसका लागलेला मला आठवत नाही. पण मी तापात होतो, तापातल्या माणसाचं काय खरं!)

तर अशी हकीकत आहे. आता घरात तयारी चालू आहे. मनकर्णा पांढरी पोलकी शिवून घेते आहे, तुळसाबाई लाडू करते आणि कमी पडतील म्हणून पुन्हा करते. गावातले काही लोक आमच्याकडे येईनासे झाले, त्यामुळे चहाची पत्ती वाचते. धुरपताबाईला कुशीवर वळवायला तुळसाबाई शिकली आहे, मात्र धुरपताबाई म्हणते, सुनेचा हात हलका होता. एकूण आमचं अगदी मजेत चाललं आहे, तुम्ही काळजी करू नये. इहीणबाईंना दोघांचा नमस्कार. थोरामोठ्यांना रामराम.

आपला,
नानाजी

ता. क. तुळसाबाई म्हणते, गेल्या वर्षी तुमच्याकडे लोणच्याची बरणी आली होती, ती रिकामी झाली असेल तर ठेवून घ्या, परत पाठवू नका. हे ती कधीच कोणाला म्हणत नाही, तेव्हा तिच्या मनात तुमच्याविषयी राग नाही असं समजावं.

आणखी ता. क. वर एक गोष्ट मी लिहिली नाही. जाताना मोटार मेडशीला थांबली होती, भट्टीत कोळसा टाकायला. मनकर्णा खाली उतरली. तुमच्या घराकडे जो बोळ जातो, त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि भोंगा वाजल्यावर परत येऊन बसली.

सर्वांत शेवटचं. वर लिहिलं की मला तुमच्याकडून काही नको. पण दौलतराव, आषाढातल्या पहिल्या सोमवारी सकाळची मोटार मेडशीला थांबेल, तेव्हा तुम्ही तिथं या. तिच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. माझ्या पोटी लेक नाही. मला एकच लेकरू होतं आणि त्याला मी खांद्यावरून पोचवलं. जिवंत लेकराला वाटे लावताना बापानं कुठं उभं राहायचं, हात कसा करायचा, तोंड कसं ठेवायचं, यातलं मला काही येत नाही. तुम्ही पाच लेकींना वाटे लावलं आहे. तुम्ही नुसते उभे राहा, मी तुमच्याकडे बघून करीन.