सत्तर पौंडांवर अडलेली हवा

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. नाशिक रोडचं तुमचं टायरचं दुकान आता तुमचा पुतण्या चालवतो. माझा एक ट्रेलर नांदगावहून कांदा वाहतो. मुलीने गाडी घेतली म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाला असतात, याचा विचार मी अजून करते. ट्रेलरच्या टायरमधली हवा रस्त्यात उतरायची, म्हणून ड्रायव्हरजवळ उचलून नेता येईल असा कॉम्प्रेसर ठेवायचं ठरवलं आणि विचारायला दुकानात गेले. मी दाखवलेल्या मशीनचे आकडे तुमच्या पुतण्याने वाचलेच नाहीत. "हे छोटं नको घेऊ, ताई. कारला ठीक हाय. ट्रेलरला एकशेदहा पौंड हवा लागते, तिथवर जाईस्तोवर हे तापून बसेल. जरा जड घे, सलग अर्धा तास चालणारं. आणि पाइप शेवटच्या चाकाला पुरतो का ते आधी बघ." बोलता बोलता त्याने शेजारच्या टायरवर तळहात टेकवला, बोटं पसरून, अंगठा आत दुमडून. अण्णा, तो तुमचा हात होता.

अजून डोळ्यांसमोर आहे: मी चौदा वर्षांची आहे, दुकानात तुमचा डबा घेऊन आले आहे. हवेचा पाइप नुसता उचलते तर तुम्ही म्हणता, "ठेव तो. हात काळे होतील. घरी जा, अभ्यास कर." आणि लगेच माझ्याच वयाच्या पुतण्याला हाक मारता, "ये रे, इथे कान लाव." टायरवर लोखंडी दांडकं मारून त्याला आवाज ऐकवता, भरलेल्या टायरचा आणि बसलेल्याचा. मी रस्ता ओलांडेपर्यंत मागे वळून बघत राहते. दहावीला मी पास झाले, तो नापास झाला. तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत आणि त्याला तुमचा स्वतःचा हवा मोजायचा गेज दिलात. आई म्हणाली, "बघ, तुला केवढं भारी आणलं." मी घड्याळ मैत्रिणींना दाखवत फिरले, पण मन त्या गेजपाशीच होतं.

म्हणून, केवळ म्हणूनच, त्याने नको म्हटलेलं मशीन मी इंदिरानगरच्या एका दुकानातून घेतलं. खोक्यावर दीडशे पौंड छापलं होतं. मलाही वाचता येतं, असं स्वतःला सांगत ते गाडीत ठेवलं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. भरलेला ट्रेलर घेऊन तो नांदगावच्या अलीकडे उभा होता. "ताई, मशीन तापून बंद पडलंय. सत्तर पौंडांवर अडलं. सावलीत गार केलं, परत लावलं, दोन मिनिटांत परत बंद." मी मदतीसाठी फोन नंबर शोधत बसले, तोवर त्याने तुमच्या पुतण्यालाच फोन केला होता. तो दुकान बंद करून, स्वतःचं मशीन घेऊन एवढ्या लांब गेला. "त्यांनी नुसता हात लावून सांगितलं, शेजारच्या चाकातही कमी हाय," ड्रायव्हर मला कौतुकाने सांगत होता. माझा माणूस, माझी गाडी, आणि कौतुक मात्र त्याचं. आभाराचा फोनसुद्धा मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आणि ट्रेलर घेऊन मी दुकानात गेले आणि तुमच्या पुतण्याने आधी सांगितलेलंच जड मशीन घेतलं. त्याने ते आमच्यासमोर लावून ट्रेलरचं शेवटचं चाक एकशेदहापर्यंत भरून दाखवलं. मग सहज विचारलं, "ते छोटं कोणी निवडलं होतं?"

"ड्रायव्हरने," मी म्हणाले.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हा, माझंच चुकलं." तुमच्या पुतण्याला हसू आलं. त्याने ड्रायव्हरचा हात धरून टायरवर ठेवला आणि कुठे दाबायचं, काय जाणवतं, सगळं समजावून सांगू लागला. मी दोन हात अंतरावर उभी राहून बघत होते. चूक कबूल केली असती तर तिथे माझा हात असता. त्या क्षणी मला ड्रायव्हरचाही हेवा वाटला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. ड्रायव्हर तर रोज सकाळी किल्ली घ्यायला दारात येतो. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.