टँकरच्या थांब्यावर बस

११ एप्रिल २०१६
पुन्हा आला तो काळ्या चष्म्याचा! सुयशसाहेब म्हणं. शहरात बस कुठून कुठं जावी ते ठरवतो. ठरवतो गाडीत बसून — काच खाली केली तर थंड हवा जाईल ना! आम्ही पडेगावच्या बाया जुन्या बसथांब्याच्या सावलीत, टँकरची वाट बघत. हंडे पुढं वळणावर, रांगेत. हंडा ठेवला की नंबर लागला, माणसानं उन्हात कशाला मरायचं? त्याला हंडे दिसलेच नाय. नुसत्या बाया दिसल्या. फोटो काढले, गेला.

१२ एप्रिल
टँकर नाय.

१९ एप्रिल
आज उतरला! म्हणतो, "आजी, सकाळी तुमच्या मेंढ्या रस्त्यावर आणू नका. गर्दीची वेळ असते."
म्हणलं, "बरं. गळ्यात घड्याळं बांधते त्यांच्या."
मग म्हणतो, "एवढ्या बायका ताटकळतात, आणि बस नाही? फार हाल होतात तुमचे." बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी सांगणारच होते, बाबा, आम्ही पाण्यासाठी उभ्या — तर नातसुनेनं, शीलानं, मागून असा चिमटा काढला! अन् पुढं होऊन म्हणली, "साहेब, मला जायचंय. रोज सकाळी. शहागंजला."

२० एप्रिल
चिमट्याचं समजलं. शहागंजात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम आहे, राहायचीबी सोय. पोरगी कधीची नवऱ्याच्या मागं लागली. नवरा म्हणजे आमचा नातू, कारभारी. बाजेवर पडून मोबाईल बघतो. म्हणतो, "रिक्षात गड्यांच्यात बसायचं नाय. बस असती तर गोष्ट येगळी. अन् पाणी कोण आणंल?" कोण आणंल! तुझे हात काय बाज धरायला दिले देवानं?

१ जून
बस मंजूर! साहेब पेढे घेऊन आला. "सर्वेक्षण केलं म्हणून गरज कळली." व्हय रे राजा, लई कळली. कारभारीचा पेढा घशातच अडकला.

६ जून
बसला झेंडूच्या माळा. साहेबानं फोटोपुरतं आम्हाला चढवलं, लगेच उतरवलं. आमच्यातली कडूबाई म्हणली, "झाला बाई प्रवास! आता हंडा बघा."

७ जून
सकाळच्या बसमधी एकटी शीला चढली. संध्याकाळी बस रिकामी आली.
कारभारी बोंबलला, "ती गेली, अन् तू बघत बसलीस?"
म्हणलं, "बघत कशाला? तिची पेटी मीच वर दिली."