बाबांना सोपं जाईल असं घर

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबा काल पुन्हा दार उघडून निघून गेले. चौकात सापडले, एकाच पायात चप्पल. ताई फोनवर कडाडली. म्हणे, दोन आठवडे देते, सोळाला येईन. घर सुरक्षित दिसलं नाही तर बाबांना माझ्याकडे नेणार. म्हटलं, खुशाल ये. वीस वर्षं शोरूम डिझाइन करतोय, आपल्याच फ्लॅटचं काय घेऊन बसलीस! हातचा मळ आहे. बाबा इथेच राहणार.
संकल्प: बाबांवर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी
बाबांच्या डॉक्टरीणबाईंना प्लॅन दाखवला. म्हणाल्या, एका वेळी एकच बदल करा, जुन्या वस्तू जागच्या जागी राहू द्या. बरोबर आहे, पण ते सामान्य लोकांसाठी, डिझायनरसाठी नाही.

७ फेब्रुवारी
बाबांच्या खोलीचं काम संपलं. पलंग खिडकीपासून हलवला. जुनं कपाट भंगारात. नवीन कपाटावर चित्रं: शर्ट, मोजे, टॉवेल. भिंतींना ताजा रंग. कमोडची सीट लालभडक, कारण पांढऱ्यावर पांढरं स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना दिसत नाही. बाबा दिवसभर बाल्कनीत बसून होते. आवडलं असणार.

८ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
बाबा कमोडवर बसेनात. सीटला बोट लावतात, बोट बघतात, बाहेर येतात. म्हणतात, रंग ओला आहे. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली त्यांनी, कोण समजावणार? मी स्वतः बसून दाखवलं. उठून पँटही दाखवली. म्हणाले, रंगाचा दुसरा हात मारायचाय अजून.
६.४०
व्हायचं ते झालं. ओरडलो नाही. आवाज जरा चढला, इतकंच.

११ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक! मुख्य दारावर आतून पुस्तकांच्या कपाटाचा वॉलपेपर. दार दिसलंच नाही तर बाहेर जाणार कसे? ताईला फोटो पाठवला. उत्तर नाही. जळते.

१३ फेब्रुवारी
बाबा भिंती चाचपत फिरतात. काय हवंय विचारलं. म्हणाले, काम झालं, आता घरी जातो, दार कुठाय? म्हटलं, बाबा, हेच तुमचं घर. हसले. गिऱ्हाइकाशी हसायचे तसे.
होईल सवय.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३
मी फोनवर होतो, पाचच मिनिटं. बाबा बाल्कनीच्या कठड्यावर, एक पाय पलीकडे. दुसरा मजला. पायानं शिडी शोधत होते. दार नाही म्हणजे शिडीनंच उतरायचं, हे त्यांचं साधं गणित. कमरेला मिठी मारून आत ओढलं. दोघंही फरशीवर पडलो. मी ओरडलो. मग रडलो. बाबांनी पाठीवर हात फिरवला, म्हणाले, पडायची भीती वाटते का? होतं सुरुवातीला.
ताईला सांगायचं नाही.

१५ फेब्रुवारी
वॉलपेपर फाडला. बाल्कनीला कुलूप. सीट पांढरी. पलंग खिडकीशी नेला, पण डोकं कुठल्या बाजूला असायचं? टेबल कुठे होतं? तीस वर्षं या घरात राहतोय आणि आठवेना.
तरी उद्या ताई खूश होईल.

१६ फेब्रुवारी, रविवार
ताईला मीच सांगून टाकलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बाबांची बॅग भरली.
बाबा दारात थांबले, माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, साहेब, घर झकास झालंय तुमचं. आमच्याकडे या एकदा. मुलाशी ओळख करून देतो, त्याला यातलं फार कळतं.
नक्की येतो, म्हटलं.