मीराबरोबर पाहिलेला सिनेमा

१२ फेब्रुवारी
आजही बोलली नाही! मीराला दत्तक घेऊन घरी आणलं त्याला आठवडा होत आला. सहा वर्षांची पोर. सांगितलेलं सगळं ऐकते, ताट चाटूनपुसून संपवते — पण तोंडातून शब्द नाही, आमची मराठी नाही की तिची हिंदी नाही. संस्थेच्या मॅडम म्हणतात, वेळ द्या. तुषार म्हणतो, "टेन्शन नको घेऊस." नवऱ्याला ऑफिसात बसून म्हणायला काय जातं!
मी आवडलेच नाही तिला, तर?

१६ फेब्रुवारी
काल महाशिवरात्र. शहरभर गर्दी. मीराने माझा हात जरासुद्धा सोडला नाही. भीतीने, की —? कोण जाणे.

२० फेब्रुवारी
इथल्या फ्रीगंज भागात फिल्म क्लबवाले रविवारी माझा लाडका जुना सिनेमा दाखवणार आहेत. खेड्यातलं गरीब घर, दोन बहिणी, सगळं काळंपांढरं. लहानपणी बाबांनी दाखवला होता. मीराला न्यावं म्हटलं तर सासूबाई भडकल्या — "रडका सिनेमा तो! पोर आधीच गप्प. कार्टून दाखव की!"
खरं आहे त्यांचं. तरी न्यावंसं वाटतंय.

२२ फेब्रुवारी
नेलं.
किती वर्षांनी पाहिला! कॅमेरा सगळा वेळ पोरींच्या उंचीवर. मोठ्यांचे आधी पाय दिसतात, लुगड्याचे काठ दिसतात, चेहरे मागाहून. आई थोरलीला मारते तिथे संगीत नाही, नुसती जात्याची घरघर. मग तीच आई तिच्या केसांतला गुंता सोडवत बसते. कुणी माफी मागत नाही, कुणी काही बोलत नाही. घर असंच असतं ना! मला रडू येत होतं, पण लक्ष सगळं मीराकडे.
थोरली धाकटीला कडेवर घेऊन बांधावरून निघते, तोल जातो, दोघी चिखलात — आणि हसत सुटतात. सगळा हॉल हसला. मीरा उभीच राहिली. ओठ थरथरत होते. घाबरून विचारलं, "बाहर चलें, बेटा?"
मानेनेच नाही म्हणाली. मग पडद्याकडे बोट दाखवून — "मैं भी छोटी को ऐसे ही उठाती थी."
"छोटी कौन?"
"मेरी बहन."
पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही.

२३ फेब्रुवारी
संस्थेला फोन केला. मॅडम गडबडल्या. बहिणीचं त्यांना काहीच माहीत नाही, चौकशी करतो म्हणाल्या. तुषार म्हणतो, "सिनेमा बघून बोलली असेल." सासूबाई मात्र ठाम — "एवढीशी पोर असलं मनाने रचत नाही."
मीरा आता सारखी बोलते! "छोटी ने खाना खाया होगा?" काय सांगू?
एकीच्याच काळजीने जीव अर्धा झालाय. दोघी झेपतील? आणि नाही म्हटलं, तर मीराच्या डोळ्यांत कशी बघू?

२७ फेब्रुवारी
छोटी आहे! तीन वर्षांची. दोघींना आणलं तेव्हा ती आजारी होती म्हणून दुसऱ्या गावच्या संस्थेत ठेवली, नंतर कुणी दोघींचा धागा जोडलाच नाही.
फोन ठेवून तुषारकडे बघितलं. विचारायचा धीर होईना. तो चप्पल घालत होता — "गाडी काढतो. मीरालाही घे, नाहीतर छोटी आपल्याकडे यायची नाही."