बिनमुंडक्याचा कोट

५ जून, आळेफाटा
नवी नोकरी, नवी खोली, आणि दोन्हींच्या मध्ये चाळीस पावलं! माणिकचंद शेठचा फोटो स्टुडिओ एसटी स्टँडसमोरच आहे. काम सोपं: फॉर्मचा फोटो पन्नास केबीच्या आत आणायचा, मोबाईलवरचा फोटो ताणून फ्लेक्सएवढा करायचा. माझी सात वर्षांची संस्कृती शाळेला सुट्टी म्हणून दिवसभर दुकानातच असते. माउस माझ्याहून चपळ चालवते.

कॉम्प्युटरमध्ये एक बिनमुंडक्याचा काळा कोट आहे. जन्मभर सदरा-लेंग्यात वावरलेली माणसं श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्याच कोटात दिसतात. काउंटरमागे शेठच्या बायकोचा, जतनबाईंचा, हार घातलेला फोटो आहे. त्याही त्याच पुरुषी कोटात! मला हसू आवरेना. हा कोट फक्त गेलेल्यांना, असं शेठनी बजावलं. ते जेवायला गेल्यावर आम्ही मायलेकींनी संस्कृतीचाच चेहरा त्यात बसवला. आकार चाळीस टक्क्यांवर आणला तेव्हा कुठे मावला. ती खिदळत सुटली. फाईल ठेवून दिली.

९ जून
पारगावचा कुंडलिक नोकरीच्या अर्जाला कोटातलाच फोटो हवा म्हणून अडून बसला. शेठ नारायणगावला गेलेले. दिला तोच कोट. गंमत म्हणजे आकार बदलावाच लागला नाही, शंभर टक्क्यांवर चेहरा चपखल बसला. ताई, लई भारी दिसतोय राव मी, म्हणत गेला.

१२ जून
कुंडलिकचा भाऊ तोच फोटो घेऊन आला. श्रद्धांजलीसाठी. काल बसल्या जागी गेला, साधा तापबी नव्हता, म्हणत होता.

शेठ पांढरे पडले. जित्या माणसाचा चेहरा त्या कोटात जसाच्या तसा बसत नाही, म्हणाले. बसला की त्याचे दिवस भरले. संस्कृतीचं मी सांगितलं नाही. तिचे चाळीसच होते, चाळीसच, असं घोकत घरी आले.

१४ जून
ती फाईल उघडली. पासष्ट. मी हात लावलेला नाही. पुसून टाकली.

१५ जून
फाईल परत आहे. ऐंशी. संस्कृती सकाळपासून फ्रॉकचा गळा ओढतेय. मम्मी, आवळतंय, म्हणते. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मला भीती वाटते. खूप.

१६ जून
ब्याण्णव. शेठच्या पाया पडले. ते रडले, मग बोलले. एका फाईलमधल्या कोटात एकच मान. शेठचाच चेहरा शंभरला टेकत आला होता तेव्हा जतनबाईंनी तो काढून स्वतःचा—

१७ जून, दुपार
अठ्ठ्याण्णव. तिला श्वासही नीट—

तिचा चेहरा काढला. माझा ठेवला. आकार बदलावा लागला नाही.

संस्कृतीला भूक लागली! दोन वाट्या पोहे खाल्ले. शेठ तिला सांभाळणार आहेत, शब्द दिलाय. माझा गळा आवळतोय. हरकत नाही. मागच्या खोलीत पडून एवढं लिहून ठेवते—

बाहेर माउसचा आवाज. शेठ कुठे आहेत? मम्मी, तुला नको हा कोट, तू काढ, मी घालते, म्हणतेय. हाक मारवत नाही. उठवत—

गळा मोकळा होतोय. माझा गळा मोकळा—