मध्यंतरानंतरचा बचाव

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी खुशाली कळली. इकडे मी ठीक, दुकान ठीक, दिवसभर उभं राहून पाय मात्र बोलतात. आता मुद्द्याचं. हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुमच्याकडे फोन भाऊजी उचलतात आणि मला भाऊजींबद्दलच बोलायचंय.

आधी सांगतो, यंदा बास्केटबॉलच्या लीगमध्ये एकही टीम धड नाही. बंदरवाल्यांकडे पैसा आहे, डोकं नाही. त्यांचा कोच मॅचला असा नटून येतो की वाटावं, नवरदेव मंडप चुकला. गिरणीवाल्यांचा तो ताडमाड पोरगा रिंगला लटकून फोटो काढून घेतो, पण फ्री थ्रो मारायला उभा केला की त्याचे हातपाय गळतात. पंचांबद्दल लिहीत नाही. मोठ्या बहिणीला पत्र लिहितोय याचं भान आहे. राहता राहिली आपली टीम. तिच्यात डावखुरा सोडला तर नेम कुणाला नाही, आणि सेंटरला खेळणारा लंबू नुसता उंच आहे, त्याला दुसरं काम नाही. (दुकानातला टीव्ही माझ्या मागच्या भिंतीवर, गिऱ्हाइकाची दाढी करता करता मी बघतो आरशात. त्यामुळे डावखुरा मला उजवाच दिसतो, पण नेम नेमच असतो.)

कोच झाल्यावर एवढं सामान घेऊनही भाऊजींनी ही टीम वर आणली होती. मग आता सारखी का हरतेय? नीट वाच. पहिल्या अर्ध्यात आपण आपल्या बेंचसमोरची बास्केट राखतो. तेव्हा भाऊजी रेषेवर उभे राहून एकेकाला असे फैलावर घेतात की माझं गिऱ्हाईक खुर्चीत दचकतं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, बचाव पलीकडच्या टोकाला जातो, आणि भाऊजींच्या तोंडाला कुलूप लागतं. हाताची घडी घालून उभे. परवा लंबू त्या टोकाला उघड उघड लंगडत होता. तोंडाला फेस लावून मान मागे टाकलेल्या गिऱ्हाइकालाही ते दिसलं. भाऊजींनी त्याला बदललं नाही. समोरच्यांनी त्याच्याच डोक्यावरून बॉल टाकले आणि मॅच नेली.

हे एकदा झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. प्रत्येक मॅचला हेच होतंय. ताई, कुठेतरी पाणी मुरतंय. मध्यंतरात कोण भेटतं त्यांना? तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्यापेक्षा मी जास्त नाचलो होतो, कारण ज्याचा खेळ बघत मोठा झालो तो माणूस आपल्या घरात येणार होता. या माणसाने मॅच विकलेली मला सोसणार नाही. चार मॅच उरल्यात. त्या हरलो तर टीम खालच्या गटात जाईल. जरा लक्ष ठेव, एवढंच म्हणतो.

माझा राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकट्या


ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आहे की पोलिसांतला जबाब? लोकांचे केस कापता कापता तू लोकांची डोकीही आतून बघायला लागलास की काय! ह्यांनी आयुष्यात कुणाचा पेनसुद्धा परत द्यायचा ठेवला नाही, आणि म्हणे मॅच विकली. हरतात त्या हरतात. तूच म्हणतोस ना, की सामान तसलंच आहे?

इकडे आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाचा डोंगर आहे. वाफेच्या इस्त्रीने एका बाईचं मनगट भाजलं, तिचंही काम माझ्याकडे आलं. हे बरे आहेत. हल्ली गाडी काढत नाहीत, चालणं तब्येतीला चांगलं म्हणतात. मी हसले, कारण ह्यांना कोपऱ्यावरून ब्रेड आणायलाही गाडी लागायची. वर्तमानपत्रही मलाच वाचून दाखवायला सांगतात, माझा आवाज छान आहे म्हणून. इतक्या वर्षांनी माझा आवाज छान झाला!

पत्र इथे संपवणार होते, पण तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, आणि आता लिहितेच. मंगळवारी सराव संपल्यावर हे उशिरा येतात. विचारलं तर मीटिंग म्हणतात. कोणाशी, ते सांगत नाहीत. आणि रुमालावर डाग असतो, भडक पिवळा. डाग ओळखण्यात माझा जन्म गेला, धाकट्या. दारू, वंगण, शाई, लिपस्टिक, मला नुसतं बघून कळतं. हा मला ओळखता येत नाही. पाण्याने जातो, पण पुढच्या मंगळवारी पुन्हा असतो.

तू माझ्या डोक्यात किडा सोडलास, त्याबद्दल तुझे कान उपटायला हवेत. कुणाजवळ काही बोलू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर आणि ताईला धरून राहा.
तुझी,
ताई


ता. २५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कालची मॅच बघितलीस? बघितली नसशील तर बरंच झालं. मध्यंतराला आपण पुढे होतो. त्यानंतर गिरणीवाल्यांचा तो रिंगला लटकणारा आपल्या बास्केटखाली घर बांधून राहिला. त्याच्यावर दोघं टाका, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊजी हाताची घडी घालून उभे!

पण काल मी दुसरंच काही पाहिलं. आपला कॅप्टन. मला तो कधीच आवडला नाही. गोड बोलतो, बॉल हातातून सोडत नाही, आणि मुलाखतीत दर वाक्याला देवाचे आभार मानतो. खेळ थांबला की हा बेंचजवळ येतो आणि भाऊजींच्या कानाला लागतो. एकदा नाही, दर वेळी. त्याने काहीतरी पुटपुटलं की भाऊजी टाइम-आउट मागतात किंवा खेळाडू बदलतात. कोच कोण आहे मग? खेळाडू कोचला हुकूम देतो हे कुठे पाहिलंस? निरोप बाहेरून येतो, कॅप्टन पोचवतो, भाऊजी पाळतात. मला तरी चित्र स्पष्ट आहे.

त्यात तुझा मंगळवार आणि तो पिवळा डाग. मी असतो तर मागोमाग गेलो असतो. तू जा. खरं काय ते एकदा कळू दे, नाहीतर तुझीही झोप उडेल आणि माझीही.

कुणाजवळ बोललो नाही म्हण. आमच्याकडे एक वर्तमानपत्रवाला दाढीला येतो, खेळाचं पान तोच लिहितो. काल तोही कोचवर चिडला होता, म्हणून मी फक्त मध्यंतरानंतरच्या बचावाचं आणि कॅप्टनच्या कुजबुजीचं सांगितलं. विकली वगैरे शब्द मी काढला नाही. तो त्याने काढला, मी नुसता गप्प राहिलो.

तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.
तुझा,
धाकट्या


ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

गेले मी मागोमाग. लाँड्रीतून लवकर निघाले, नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाई. सरावाच्या हॉलपासून दोन बस बदलून हे एका जुन्या इमारतीत शिरले. दारावर पाट्यांची गर्दी, वकील, विमा, शिकवणी, दातांचा डॉक्टर. मी समोर चपलांच्या दुकानात उभी राहून नको असलेले जोड पायात घालून बघत होते आणि मनात त्या कोण कुठल्या बाईचा चेहरा रंगवत होते.

बऱ्याच वेळाने हे जिन्यावर दिसले. एक हात कठड्यावर, आणि पाऊल टाकण्याआधी पायरी चाचपत होते. मला वाटलं, पिऊन आले. माझं डोकं फिरलं. रस्ता ओलांडून मी सरळ समोर जाऊन उभी राहिले, वाट अडवून. म्हटलं, आता बघू काय सांगतात.

धाकट्या, ह्यांनी मला ‘बाई’ म्हणून माफी मागितली आणि परक्या माणसाला वाट द्यावी तसे बाजूला झाले. हातभर अंतर होतं. मी हाक मारली तेव्हा आवाजावरून ओळखलं. मग आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो.

डोळ्यांचा पडदा झिजतोय. जिथे बघावं तिथेच मधोमध डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. चष्म्याने भागत नाही, औषधाने फक्त वेग कमी होतो. त्या इमारतीतले डोळ्यांचे डॉक्टर दर मंगळवारी तपासताना डोळ्यांत पिवळा थेंब घालतात, तोच माझा डाग. बेंचसमोरचे खेळाडू ह्यांना चालीवरून आणि आवाजावरून कळतात. पलीकडच्या टोकाला नुसते रंग हलतात. लंबू लंगडत होता हे ह्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्या दिवशी हे जेवले नाहीत.

फक्त कॅप्टनला माहीत आहे. तू ज्याच्यावर खार खातोस तो. फळ्यावरचे आकडे, घड्याळात किती उरलं, कोण दमलंय, हेच तो कानात सांगतो. मालकांपासून त्याने हे लपवलंय, कळलं तर त्याचा करार गेलाच. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाले, तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

ह्यांनी लपवलं हे चूक. टीम हरली त्यात ह्यांचा वाटा आहे, आणि ते स्वतः मान्य करतात. पण एवढा मोसम संपला की आपणहून पद सोडणार आहेत, मान ताठ ठेवून. तेवढं होऊ दे. तोपर्यंत तोंड शिवून ठेव. त्या वर्तमानपत्रवाल्याला काही करून थांबव. पाया पडायला लागलं तर पड.

मी तुझ्यावर विसंबून आहे.
ताई


ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र दुपारी आलं. त्याच दिवशीचं वर्तमानपत्र सकाळपासून दुकानात बाकावर पडलं होतं, तीन गिऱ्हाइकांनी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. तू पाहिलंच असशील. पाऊण पान. ‘कोचच्या घरच्या माणसालाही शंका’ असं छापलंय. नाव नाही, पण इथे कुणाला कळायचं राहिलंय?

सकाळी ते वाचून माझी छाती फुगली होती. हे तुला सांगितलंच पाहिजे. पत्र वाचलं आणि खुर्चीतल्या माणसाची अर्धी दाढी तशीच टाकून मी मागच्या मोरीजवळ जाऊन बसलो. रडलो. मला एकदाही वाटलं नाही की माणसाला दिसत नसेल. चोरी सुचली, कट सुचला, आजार सुचला नाही.

त्या माणसाला गाठलं. तो म्हणतो, कारण सांग, उद्याच छापतो. मी दात आवळून परत आलो, कारण तू तोंड शिवायला सांगितलंस. पण ताई, आता सांगू दे. डोळ्यांचं सांगितलं की सगळा डाग धुऊन जाईल. तू हो म्हण, मी दुकान बंद करून त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

भाऊजींना माझ्या बाजूने काय सांगशील ते तुझ्यावर सोडतो. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
धाकट्या


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही. हे नको म्हणाले, आणि मीही नको म्हणते. मालकांनी ह्यांना बोलावून सरळ विचारलं, पैसे घेतले का. ह्यांनी नाही म्हटलं. मग मध्यंतरानंतर असं का होतं, असं विचारलं. डोळ्यांचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की कानात कोण सांगत होतं. कॅप्टनची दोन मुलं शाळेत आहेत. हे म्हणाले, डावपेच चुकले, आणि तिथेच राजीनामा लिहून दिला. म्हणजे लोक जे समजायचे ते समजलेच. लाँड्रीत मी आले की बायका बोलायच्या थांबतात. आता तुझ्या दुकानात जो जे म्हणेल ते तुला ऐकून घ्यावं लागेल, तुझेच मुद्दे तुला ऐकवले तरी. केस कापत राहा.

ह्यांना तुझा राग नाही, याचा मला राग आहे. तुझी पत्रं मी वाचून दाखवली, पहिल्यापासून सगळी. लंबूवरच्या वाक्याला हसले. मग म्हणाले, मध्यंतरानंतर माझं काय बिघडलं ते सहायकाला दिसलं नाही, मॅनेजरला दिसलं नाही, टीमच्या डॉक्टरला दिसलं नाही. धाकट्याला आरशात दिसलं.

उरलेल्या दोन मॅच घरी बसून ऐकणार आहेत. टीव्हीला नाक लावलं तरी पलीकडचं टोक लागत नाही, आणि समालोचन करणारे खेळ सोडून सगळ्यावर बोलतात. म्हणून शनिवारी मॅच सुरू झाली की तू फोन करायचास आणि शेवटपर्यंत ठेवायचा नाहीस. हे ह्यांचं सांगणं आहे. मी विरोध केला, पण ऐकत नाहीत.

माझंही एक सांगणं आहे. कोण कुठे उभा आहे, कोण लंगडतोय, बॉल कोणाकडे आहे, घड्याळात काय उरलंय, जे दिसेल ते सगळं सांग. तुला काय वाटतं ते सांगू नकोस.

लोभाचं पुढे बघू.
ताई